बोअर देण्याआधी पाणी तपासा

(जागतिक जल दिनाच्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगर येथील मंडळीच्या मिशन सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या वर्षीच्या जलनिधीचे दानार्पण सुरू झाले आहे. खजिनदारांनी मला निरोप दिला होता, "ताई, आदिवासी पाड्यांवरच्या बोअरबद्दल चार शब्द बोला, म्हणजे लोक हात सैल सोडतील." मी बोअरबद्दलच बोलणार आहे. पण माझे बोलणे ऐकून कोणी म्हणेल की ही बाई निधी वाढवायला आली की अडवायला आली. म्हणून सुरुवातीलाच सांगते, मला निधी हवाच आहे. फक्त त्या निधीतून जमिनीला भोक पाडण्याआधी आणि पाडल्यानंतर एक काम व्हायला हवे. त्या कामाला फार पैसे लागत नाहीत, त्याचा फोटो छापला जात नाही, त्याला पाटीही लागत नाही. ते काम म्हणजे पाण्याची तपासणी.

पाण्याची किंमत या शहराला समजावून सांगावी लागत नाही. पैठणचा नाथसागर येथून अवघ्या पन्नासएक किलोमीटरवर आहे, तरी आपल्यातल्या कितीतरी घरांत नळ आठ-आठ दिवसांनी येतो. घरोघरी ड्रम आहेत, गच्चीवर टाक्या आहेत, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे आहे, जार विकत घेणे आहे. त्यामुळे कुठे पाणी लागले हे ऐकले की आपल्या तोंडून आधी देवाचे आभार निघतात. ते योग्यच आहे. पण पाणी लागले, एवढ्यावर आपला प्रश्न संपतो. मला त्याच्या पुढचा प्रश्न विचारायचा आहे: लागलेल्या पाण्यात काय आहे?

हा प्रश्न पवित्र शास्त्राला नवा नाही. राजे यांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरीहो नगराचे लोक अलीशा संदेष्ट्याकडे येतात. त्यांचे म्हणणे साधे आहे. नगर वसले आहे चांगल्या जागी, पण पाणी वाईट आहे आणि त्याचा परिणाम जिवांवर होतो आहे. या गोष्टीवर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत आणि त्यांत भर असतो तो अलीशाने टाकलेल्या मिठावर. माझे लक्ष नेहमी दुसऱ्या दोन गोष्टींकडे जाते. पहिली अशी की नगराच्या लोकांनी तक्रार केली आणि संदेष्ट्याने ती ऐकून घेतली. पाणी मिळते आहे ना, मग कुरकुर कशाला, असे तो म्हणाला नाही. दुसरी अशी की तो घागरींपाशी थांबला नाही, पाण्याच्या उगमापाशी गेला. मिठाने फ्लोराइड जात नाही, हे मात्र आताच सांगून ठेवते. नाहीतर उद्या कोणी बोअरमध्ये मिठाची पिशवी रिकामी करायचे आणि नाव माझे घ्यायचे.

आता थोडा आपल्याच भागाचा इतिहास. आज देशभर गावोगावी दिसणारा हातपंप, ज्याला इंडिया मार्क दोन म्हणतात, त्याच्या घराण्याची मुळे मराठवाड्यात आहेत. १९६०च्या दशकात जालन्याला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने खडक फोडणारी यंत्रे आणून दुष्काळी गावांत बोअर घ्यायला सुरुवात केली. तेव्हाचे ओतीव लोखंडाचे पंप घरगुती वापराचे होते. सगळे गाव दिवसभर हापसायला लागले की ते महिन्या-दोन महिन्यांत मोडत. म्हणून जालन्यात पोलादाचा मजबूत पंप तयार झाला. तो जालना पंप. पुढे सोलापूरला त्यात सुधारणा होऊन सोलापूर पंप आला आणि त्याच्या आधारावर १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क दोन तयार झाला. येथून साठ किलोमीटरवरच्या एका मिशनच्या कामातून लाखो खेड्यांना पाणी मिळाले. याचा आपल्याला अभिमान असावा.

आणि त्या पंपाने काय केले, हेही विसरू नये. आपल्या आजी-आजोबांना नारू माहीत होता. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे, त्यातून जंतू पोटात जायचा आणि वर्षभराने पायातून दोरीसारखा किडा बाहेर यायचा. माणूस ऐन पेरणीत अंथरुणाला खिळायचा. बंदिस्त हातपंप, गाळून पाणी पिण्याची सवय आणि घरोघरी फिरणारे आरोग्य कर्मचारी यांमुळे नारू गेला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पटकी आणि हगवणीचे बळीही कमी झाले. म्हणून बोअर वाईट, असे माझ्या बोलण्यातून कोणी घरी घेऊन जाऊ नये.

पण जंतूंपासून वाचवणारे खोल पाणी काही ठिकाणी दुसरेच काही वर घेऊन येते. हे मी किनवटच्या बाजूला पाहिले.

आपल्या येथून रात्रीच्या नंदीग्राम एक्स्प्रेसने निघाले की नांदेड मागे टाकून गाडी किनवटला जाते. तो तालुका आणि शेजारचा माहूर हा गोंड, कोलाम, आंध, प्रधान लोकांचा मुलूख. पलीकडे यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या बाजूला तेलंगण. डोंगर, सागाची झाडी आणि मध्येमध्ये कोलामांची पोडे. त्यांतल्या एका पोडावर आमचे बालवर्गाचे काम पाहायला मी जात असे. तेथे मुलांना आम्ही गाणे शिकवत होतो. मुले तोंड उघडून गायला लागली की मला त्यांचे दात दिसत. कोणाच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे, कोणाचे पिवळे, थोड्या मोठ्या मुलांचे तपकिरी, खडबडीत. एका मुलीने तर ओठ मिटूनच गायचे ठरवलेले होते. बारा-तेरा वर्षांची असेल. हसू आले की ती पदराने तोंड झाकणाऱ्या बाईसारखा हात तोंडावर धरी.

तिच्या आजीला मी विचारले, "आजी, पोरं दात घासत नाहीत का?" आजी म्हणाली, "राखुंडीनं रोज घासतात बाई. घासून का जातं ते? आतूनच आलंय." मग ती स्वतःच्या मानेला हात लावून म्हणाली, "माझी मान पाहा, मागं बघायचं तर अख्खी वळावं लागतं." तिचे वय फार नव्हते. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल.

मी पाण्याचा विषय काढला, तर बायकांनी उत्साहाने पंप दाखवला. शाळेजवळचा तो पंप पोडाचा लाडका होता. पाणी काचेसारखे. चव गोड. एक बाई म्हणाली, "या पाण्यात डाळ लवकर शिजते ताई, साबणाला फेस बी येतो. विहिरीच्या पाण्यात नाही येत." तिचे निरीक्षण अगदी खरे होते, आणि दुखणेही त्यातच होते.

त्याचे कारण समजून घेऊ. आपल्या संभाजीनगरखाली काळा बेसाल्ट खडक आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या काही भागांत आणि त्यापुढे चंद्रपूरकडे ग्रॅनाइटसारखे जुने खडक आहेत. अशा खडकांतल्या काही खनिजांत फ्लोराइड असते. पावसाचे पाणी भेगांमधून खाली उतरते आणि वर्षानुवर्षे खडकाला चिकटून राहते. जितके खोल आणि जितके जुने पाणी, तितके ते खडकातले जास्त विरघळवून घेते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर फ्लोराइड फार वाढू शकत नाही. कॅल्शियम कमी असेल, तर ते वाढत जाते. आता कॅल्शियम कमी असलेले पाणी म्हणजेच मऊ पाणी. त्यात डाळ लवकर शिजते, फेस छान येतो, जिभेला ते गोड लागते. म्हणजे स्वयंपाकघरातल्या सगळ्या कसोट्यांवर जे पाणी पहिले येते, ते हाडांसाठी सर्वांत वाईट असू शकते. डोळा, जीभ आणि नाक ही देवाने दिलेली चांगली साधने आहेत, पण फ्लोराइड त्यांपैकी कोणालाच सापडत नाही.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल, तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, की आधी दात बिघडतात. लहानपणी, साधारण आठ वर्षांपर्यंत, हिरडीच्या आत पक्के दात घडत असतात. तेव्हाच त्यांच्या वरच्या थरात दोष राहतो. म्हणून आजी म्हणाली ते शब्दशः खरे होते, ते आतूनच येते. त्यानंतर सांधे, कंबर, मान आखडतात. पुढच्या अवस्थेत माणसाला वाकता येत नाही, खाली बसता येत नाही. काही मुलांचे पाय गुडघ्यात वाकडे होतात. याला फ्लोरोसिस म्हणतात. बिघडलेला दात आणि आखडलेला कणा पूर्ववत करणारे औषध नाही. पण पाणी बदलले, तर पुढचे नुकसान थांबते आणि त्यानंतर जन्मणारे मूल पूर्ण वाचते. माझे सगळे म्हणणे या एका वाक्यासाठी आहे.

आपल्या देशात हा आजार १९३७ साली तेव्हाच्या मद्रास प्रांतातील नेल्लोर जिल्ह्यात प्रथम नोंदला गेला. तेथे शेतकऱ्यांच्या ध्यानात आधी बैल आले. सांधे धरल्यामुळे ते चालेनासे झाले होते. आज आपल्या राज्यात नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर, बीड अशा जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत हा प्रश्न आहे. केंद्र सरकारने २००८-०९मध्ये फ्लोरोसिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि त्यात आपल्या नांदेडचा समावेश झाला. म्हणजे हे गुपित नाही. तरी पोडावरच्या त्या आजीपर्यंत ते पोहोचले नव्हते. तिला वाटत होते, मान धरली ती वयामुळे आणि नातीचे दात गेले ते नशिबामुळे.

आता एक गोष्ट जपून सांगते, कारण यात भली माणसे फसतात. आपण गावात जाऊन आरोग्याचा पाठ देतो: पाणी उकळा, गाळा, टीसीएल टाका. हा पाठ जंतूंसाठी उत्तम आहे. पण फ्लोराइड उकळून उडून जात नाही. पाण्याची वाफ जाते, फ्लोराइड भांड्यातच राहते, म्हणजे उकळलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढते. चौपदरी फडक्यातून ते आरपार जाते. टीसीएल पावडरचा त्याच्यावर परिणाम नाही. तुरटी नुसती फिरवून भागत नाही. तांब्याचा हंडा, तुळशीची पाने, कँडलचा फिल्टर, यांतले काहीही येथे उपयोगाचे नाही. नायट्रेटचेही तसेच आहे. शेतातले खत, गोठ्याचे शेण, विहिरीला लागून खोदलेला शौचालयाचा शोषखड्डा यांतून नायट्रेट पाण्यात उतरते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेटच्या पाण्यात वरचे दूध कालवून तान्ह्या बाळाला पाजले, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि ते निळे पडू शकते. एखादी आई नीट पाणी उकळून दूध देते आणि उकळण्यानेच प्रमाण वाढते, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

येथे तरुण संघातल्या एकाने मला आधीच विचारलेला प्रश्न घेते. त्याने वर्तमानपत्रात "फॉरेव्हर केमिकल्स" म्हणजे कायमच्या रसायनांबद्दल वाचले होते. त्याने विचारले, "ताई, तेच का हे फ्लोराइड?" नाही. नावात साम्य आहे, कारण दोन्हींत फ्लोरिन हे मूलद्रव्य आहे. पण फ्लोराइड खडकातून येते, आणि ती रसायने, ज्यांना पीफास म्हणतात, ती माणसाने कारखान्यात बनवली आहेत. न चिकटणाऱ्या तव्यांचे लेप, पाणी न शोषणारे कपडे, आग विझवण्याचा फेस यांसाठी ती वापरली गेली. त्यांतला कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका घट्ट असतो की निसर्गात ती सहजी मोडत नाहीत. इटलीत व्हिचेन्झाजवळच्या ट्रिसिनो गावातल्या एका कारखान्यामुळे तीन लाखांहून अधिक लोकांच्या भागातले भूजल आणि नळाचे पाणी दूषित झाले. ते २०१३ साली उघड झाले. तोवर लोक नळाचे स्वच्छ दिसणारे पाणी पीत होते. मुलांच्या रक्ततपासणीचे कागद हातात आल्यावर तेथल्या आया एकत्र आल्या, त्यांनी पिच्छा सोडला नाही. २०१८ साली कारखाना दिवाळखोरीत गेला आणि जून २०२५मध्ये न्यायालयाने ११ माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. त्याच कारखान्याची यंत्रसामग्री आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आली आहे, म्हणून अलीकडे इतक्या बातम्या येतात. लोटेचे पाणी त्यामुळे आज दूषित झाले आहे, असे मी म्हणत नाही. मला त्या आयांची गोष्ट एवढ्यासाठी सांगायची आहे की त्यांच्या हातात तपासणीचा कागद आला, तेव्हाच त्यांचे कोणी ऐकले. खडकातून आलेले विष असो की कारखान्यातून आलेले, दोन्ही उकळून जात नाहीत आणि दोन्ही तपासल्याशिवाय दिसत नाहीत.

आता परत आपल्या पोडावर. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचे साधे किट वापरायला शिकवायचे, अशी सोय आहे. गावच्या आरोग्यसेविकेकडून आम्ही असे किट मागवले आणि पोडावरच्या बायकांसमोर तीन पाणी तपासले: शाळेजवळचा लाडका पंप, खालच्या वस्तीचा पंप आणि ओढ्याकाठची जुनी विहीर. परीक्षा साधी असते. नमुन्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी गुलाबी राहिले तर फ्लोराइड कमी, पिवळटपणाकडे झुकले तर जास्त. मग किटमधल्या रंगाच्या कार्डाशी जुळवून बघायचे. विहिरीचे पाणी गुलाबी राहिले. खालच्या पंपाचे मधले. शाळेजवळच्या पंपाचे पिवळे झाले. बायका गप्प झाल्या. ज्या पंपाचे सर्वांत कौतुक, तोच. नंतर प्रयोगशाळेच्या अहवालानेही तेच सांगितले.

उपाय दिसत होता. पंपाला लाल रंग लावायचा, म्हणजे हे पाणी धुण्या-भांड्याला, पिण्याला नाही. पिण्यासाठी जुनी विहीर साफ करून, कठडा बांधून, टीसीएल टाकून वापरायची. पण तेथे काम अडले. त्या पंपाच्या ओट्यावर संगमरवरी पाटी होती. एका कुटुंबाने आपल्या आईच्या स्मरणार्थ तो पंप दिला होता. पोडाचा कारभारी मला म्हणाला, "ताई, त्या मायनं आम्हाला पाणी दिलं. तिच्या नावावर लाल रंग कसा मारू? देणाऱ्याला वाईट वाटंल." कोणाची पाटी होती, हे येथे महत्त्वाचे नाही. पण बघा, आपले दान पोडावर पोहोचते तेव्हा त्यासोबत आपला मानही पोहोचतो. गरीब माणूस तो मान राखण्यासाठी आपल्या मुलांचे दात पणाला लावतो. ज्याच्या घरी आपण पाणी नेतो, तो आपल्याला पाणी वाईट आहे असे सांगायला संकोचतो. यरीहोच्या लोकांना अलीशापाशी तो संकोच वाटला नाही. आपल्यापाशी लोकांना तो वाटतो, याचा विचार आपण करायला हवा.

शेवटी त्या कुटुंबाला पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले की पंप लाल करा, आणि विहिरीच्या कठड्याला काय खर्च येतो ते कळवा. पाटी नको, असेही लिहिले होते. मला तो कागद कोणत्याही पाटीपेक्षा मोठा वाटतो.

विहीर लांब होती, हा प्रश्न खराच होता. पाणी आणायचे ते बायकांनी आणि मुलींनी. पण सगळेच पाणी विहिरीचे लागत नाही. पिणे आणि स्वयंपाक यांना माणशी आठ ते दहा लिटर पुरते. पाच माणसांच्या घराला तीन-चार हंडे. बाकी आंघोळ, धुणे, जनावरे यांसाठी लाल पंप चालतो, कारण फ्लोराइड पोटात गेले तरच त्रास देते. हा हिशेब समजल्यावर बायकांनीच पाळी ठरवली. पहिल्या महिन्यात काही घरे पुन्हा पंपाकडे वळली, कारण विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेना. मग डाळ आधी भिजत घालायची, एवढी साधी युक्ती एका म्हातारीने काढली.

कोणी म्हणेल, सरळ फिल्टर का बसवत नाही? बसवता येतो. नागपूरच्या नीरी संस्थेने १९७०च्या दशकात तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढण्याची पद्धत शोधली, तिला नालगोंडा पद्धत म्हणतात. त्यात तुरटी मापाने घालावी लागते, ढवळावे लागते आणि खाली बसलेला गाळ दूर टाकावा लागतो. सक्रिय ॲल्युमिनाचे फिल्टर असतात, आरओ असतात. सगळे काम करतात, पण कोणीतरी रोज त्यांच्याकडे पाहिले तरच. ॲल्युमिनाची ताकद काही काळाने संपते, ती परत भरावी लागते. आरओला वीज लागते आणि त्यातून बरेच पाणी वाया जाते. ताकद संपलेल्या फिल्टरमधूनही पाणी वाहत राहते आणि लोक निश्चिंत मनाने पितात. म्हणून जवळपास कमी फ्लोराइडची विहीर असेल, तर ती वाचवणे हा पहिला उपाय. पावसाचे पाणी छतावरून साठवणे हा दुसरा. यंत्र त्यानंतर.

आणि ताटाचेही पाहावे. आहारात कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व असेल, तर फ्लोराइडचा मारा थोडा कमी बसतो. पोडावर दूध परवडत नाही, पण पावसाळ्यात तरोटा उगवतो, शेवगा दारात असतो, आवळा रानात असतो, तीळ पिकतात. या भाज्या गरिबीची खूण म्हणून मागे पडल्या आहेत, त्या परत ताटात आणायच्या. उलट कोऱ्या चहात फ्लोराइड असते. मुलांना सकाळ-संध्याकाळ कोरा चहा देण्याची सवय सोडवायची. हे काम बालवर्गातून आणि महिला बचत गटातून होते, त्याला बोअरची गाडी लागत नाही.

आता माझे मागणे. तीन गोष्टी मागते.

पहिले, आपल्या जलनिधीतून होणाऱ्या प्रत्येक कामात तपासणीचा खर्च आधीच धरावा. जागा ठरवण्याआधी परिसरातल्या जुन्या पंपांचे आणि विहिरींचे पाणी तपासावे, कारण शेजारचे पाणी खालच्या खडकाची साक्ष देते. बोअर झाल्यावर पंप बसवण्याआधी पुन्हा तपासावे. त्यानंतर वर्षातून एकदा रसायनांसाठी आणि दोनदा जंतूंसाठी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात आणि उपविभागात आहेत. रसायनांच्या नमुन्यासाठी प्लास्टिकचा स्वच्छ कॅन घ्यायचा, पंप काही मिनिटे चालवून त्याच पाण्याने कॅन तीनदा विसळायचा, मग भरायचा आणि वर जागा व तारीख लिहायची. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यायची. एवढे दहावीतले मूलही करू शकते. आपल्या मंडळीत विज्ञान शिकणारी मुले आहेत. त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत दोन आठवडे आमच्याबरोबर यावे.

दुसरे, पाणी वाईट निघाले तर बोअर पिण्यासाठी सुरू होणार नाही, हे आपण देणगीदार म्हणून मान्य करावे. आपल्या अहवालात तेव्हा पंपांची संख्या कमी दिसेल. त्या कमी आकड्याला अपयश म्हणू नये.

तिसरे, आपापल्या घरी जाऊन पाहा. ज्यांच्या इमारतीला बोअर आहे, जे टँकरचे पाणी पितात, त्यांनी वर्षातून एकदा नमुना द्यावा. घरात तान्हे बाळ किंवा गरोदर सून असेल, तर उद्याच द्यावा. जी काळजी आपण पोडासाठी मागतो, ती आपल्या घरात आधी असू द्या. मग दान देतानाही आपण काय देतो आहोत, हे आपल्याला नीट कळेल.

शोमरोनी स्त्री भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर आली, तेव्हा प्रभूने तिच्याकडेच पाणी मागितले, म्हणजे जे पाणी ती पिते तेच पाणी. पुढच्या वेळी कोणी पाड्यावरच्या पंपाचे उद्घाटन करायला गेले, तर प्रयोगशाळेचा कागद मागावा, तो मोठ्याने वाचून दाखवावा आणि मग त्याच पंपाचे पेलाभर पाणी सर्वांदेखत प्यावे. कागद नसेल, तर रिबीन कापू नये.

जूनमध्ये पाऊस लागण्याआधी किनवट आणि माहूरकडच्या पोडांवर नमुने घ्यायचे आहेत. नावे द्यायची असतील, तर सभेनंतर मी दाराशी उभी आहे. पाळकसाहेब, आता आपण प्रार्थनेत जाऊ या. प्रार्थनेत त्या मुलीची आठवण ठेवा, आणि तिच्यानंतर जन्मणाऱ्या तिच्या भावंडांचीही.